वाटेत गाडी बंद पडली तर

संतसज्जनहो, वारी पायांनी करावयाची हा आपल्या संप्रदायाचा शिरस्ता. ज्यांच्या अंगात बळ आहे ते आषाढी-कार्तिकीला चालतातच. परंतु घरात ऐंशीला टेकलेली आई असते, तिचे गुडघे धरलेले असतात. सुनेच्या कडेवर वर्षाचे लेकरू असते. मुलाला दोनच दिवसांची रजा मिळते. अशा घराने महिन्याची एकादशी साधावी कशी? मग घरची नाहीतर भाड्याची मोटार काढायची, सगळ्यांनी तीत बसायचे आणि पंढरीची वाट धरायची. यात कमीपणा काही नाही. वाडवडील बैलगाडी जुंपून जात, आपण मोटारीने जातो.

मात्र बैल आणि मोटार यांत एक फरक आहे. बैल दमला म्हणजे तो धापा टाकतो, तोंडाला फेस येतो, पाय ओढू लागतो. धन्याला ते कळते. मोटारही दमल्याचे सांगते, पण तिच्याकडे बघतो कोण? समोरच्या तबकडीतला काटा वर चढत असतो, लाल दिवा लागलेला असतो, आणि आपण म्हणतो, 'चालू दे, आता थोडेच राहिले.' मग ती थोडे राहिले असतानाच उभी राहते.

समजा, पुण्याहून असेच एक कुटुंब निघाले. वैशाखातली एकादशी, सोलापूरची सडक. इंदापूर मागे पडले, ऊन डोक्यावर आले, आणि पुढच्या झाकणाखालून वाफ निघू लागली. गाडी कडेला थांबली. आता त्या मोटारीत काय चालते ते ऐका.

"तरी मी म्हटलं होतं, निघायच्या आधी गाडी एकदा दाखवून आणा म्हणून."

"तू गप्प बस गं! तुझं आवरेना म्हणून निघायला दहा वाजले. पहाटे निघालो असतो तर ही वेळच आली नसती."

"अरे, भांडू नका रे. माझ्यामुळंच झालं. मला मेलीला आणायलाच नको होतं."

हे शेवटचे वाक्य म्हातारीचे. बिघडले होते इंजिन, आणि दोष घेतला आईने आपल्या माथ्यावर! पाणी आटले यंत्रातले, पण डोळ्यांत आले तिच्या. घरोघरी हे असेच घडते, नाही का? म्हणून म्हणतो, गाडी बंद पडली म्हणजे वारी बंद पडली असे नाही. गाडी थांबल्यावर आपण कसे वागतो, त्यावर वारी राहिली की गेली हे ठरते.

आता कोणी विचारील, 'महाराज, मोटारीच्या बिघाडात परमार्थ कसला? ते काम मिस्त्रीचे.' तर बाबांनो, यंत्राचे काम मिस्त्रीचे खरे. पण त्या घटकाभरात जिवाची काळजी, जिभेचा ताबा आणि परक्याची कणव या तिन्हींचा कस लागतो. एरवी कीर्तनात बसून माना डोलावणे सोपे असते. सडकेच्या कडेला, उन्हात, लेकरू रडत असताना काय उरते ते खरे.

पहिली गोष्ट जिवाची. गाडी मंदावू लागली की ती गतीत आहे तोवरच डाव्या अंगाला, सडकेच्या पट्ट्याबाहेर जितकी नेता येईल तितकी न्यावी. चारी बाजूंचे लुकलुकते दिवे लावावेत. मग सगळ्यांनी डाव्या दाराने उतरावे. आधी म्हातारे माणूस, मग लेकरे, मग बाकीचे. उतरून गाडीच्या मागे घोळका करून उभे राहू नये. सडकेपासून दूर, कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, झाडाच्या सावलीत जाऊन बसावे. 'आई, तू आत बसून राहा, बाहेर ऊन आहे,' असे प्रेमाने म्हणतो आपण. पण मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला डुलकी लागलेली असली तर त्या प्रेमाचे काय होईल? म्हणून आईला धरून, दोन वेळा विसावा देत का होईना, दूर न्यावे. पाण्याची कळशी आणि तिच्या औषधाची पिशवी बरोबर घ्यावी. सामान राहिले तर राहू द्यावे.

मोटारीबरोबर लाल चमकणारा त्रिकोण मिळतो. पुष्कळांच्या घरी तो कोऱ्या पिशवीत तसाच पडून असतो. तो कुठे ठेवायचा? गाडीला टेकून ठेवला तर उपयोग नाही. जरा हिशेब करा. ताशी ८० किलोमीटरने येणारे वाहन एका सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे सरकते. त्रिकोण ५० मीटरवर ठेवला तर त्या चालकाच्या हाती सव्वादोन सेकंद उरतात. 'रामकृष्ण हरि' एकदा शांतपणे म्हणायला तेवढाच वेळ लागतो. तेवढ्यात त्याने पाहायचे, समजायचे, पाय दाबायचा आणि गाडी वळवायची! म्हणून त्रिकोण निदान शंभर-सव्वाशे पावले मागे न्यावा. गाडी वळणावर किंवा चढाच्या माथ्यापलीकडे थांबली असेल तर येणाऱ्याला वळणाआधी, चढाआधी दिसेल असा ठेवावा. ठेवायला जाणाऱ्याने सडकेच्या बाहेरून, येणाऱ्या वाहनांवर नजर ठेवून जावे. रात्र असेल तर हातात विजेरी असावी.

येथे काही भाविक म्हणतात, 'एवढे भय कशाला? पांडुरंग राखील की!' राखतोच तो. पण त्याने आपल्याला डोळे दिले, बुद्धी दिली, तीही राखण्यासाठीच. दिंडीचेच पाहा ना. दिंडी निघते तेव्हा तंबू, पाणी, शिधा, औषधे यांची तजवीज आधी होते. चालणाऱ्यांच्या रांगा ठरलेल्या असतात. म्हणून काय दिंडीकऱ्यांचा विठोबावर भरवसा नसतो? भरवसा असतो म्हणूनच त्याच्या माणसांची एवढी काळजी घेतात.

याच ठिकाणी एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. त्रिकोण नसला म्हणजे लोक काय करतात? शेतातले चार धोंडे उचलून गाडीच्या मागे सडकेवर मांडतात. नाइलाज झाला असेल, समजू शकतो. पण गाडी दुरुस्त झाली, सगळे आत बसले, मोटार निघाली, आणि धोंडे? ते तसेच सडकेवर! रात्री कोणी शेतकरी दुचाकीवरून घरी जात असतो, मागे बायको, पुढे पोर. त्याला तो काळा धोंडा दिसत नाही. आपण मात्र तोवर चंद्रभागेत स्नान करून 'पावन झालो' म्हणत असतो. बाबांनो, आपल्या रक्षणासाठी मांडलेला धोंडा दुसऱ्याच्या मरणाला ठेवून जाणे हे पाप कोणत्या तीर्थात धुऊन निघणार? पंढरीच्या दोन्ही पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. सडका रुंद झाल्या की वाहनांचा वेग वाढतो, आणि त्याच वाटेने आपले वारकरी पायी चालतात. तेव्हा निघताना एकाने मागे जाऊन वाट बघावी. धोंडा, फांदी, फुटलेली काच, सांडलेले तेल, जे आपले असेल ते दूर करावे, तेलावर माती टाकावी. मगच गाडी हलवावी. त्या एका फेरीला मी प्रदक्षिणेहून कमी मानणार नाही.

दुसरी गोष्ट जिभेची. इंजिन तापले की त्याच्या पाण्याच्या टाकीचे झाकण लगेच उघडू नये, हे सगळे मिस्त्री सांगतात. त्याचे कारण समजून घ्या. झाकणाखाली पाणी कोंडलेले असते. त्या दाबामुळे ते १०० अंशांवर गेले तरी उकळत नाही. घाईने कोणी फडके धरून झाकण फिरवले की दाब एकदम जातो, पाणी उसळते आणि उघडणाऱ्याचे तोंड-हात भाजतात. कोणी उतावीळपणे तापल्या इंजिनावर गार पाणी ओततात, त्याने धातू तडकू शकतो. तेव्हा उपाय एकच. इंजिन बंद करायचे आणि थांबायचे. हात लावता येईल इतके निवाल्यावर झाकण फडक्याने हळूहळू फिरवायचे, आणि मगच पाणी घालायचे.

आता सांगा, माणसाच्या रागाची रीत याहून वेगळी आहे काय? कर्त्या माणसाच्या पोटात त्या वेळी पुष्कळ कोंडलेले असते. पैशाची चिंता, रजेची चिंता, चार माणसांत झालेली फजिती. त्याच वेळी कोणी 'तरी मी म्हटलं होतं' असे म्हटले की झाकण उघडलेच समजा! उसळलेल्या वाफेने भाजते ते जवळच्याच माणसाला. म्हणून दोघांनीही नेम करावा. गाडी थांबली की पहिली अर्धी घटका कोणी कोणाचा दोष काढायचा नाही. दोष असेलही. काटा बघितला नाही हा दोषच. पण तो घरी गेल्यावर, पोट भरल्यावर बोलावा. तेव्हा तो उपयोगी पडेल. सडकेवर बोललात तर नुसता भाजेल.

माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला समाजआरती होते, ती तुम्ही पाहिली असेल. दिवसभराची दमलेली हजारो माणसे, टाळ-मृदंगांचा कल्लोळ. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीत राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात आणि गाऱ्हाणे ऐकून घेतात. हरवले-सापडले असेल त्याचा पुकारा होतो. त्यानंतर आरती. किती शहाणपणाची रीत आहे ही! आधी सगळे गप्प. मग ज्याला दुखते त्याचे ऐकायचे. मग देवाचे नाव. घरातल्या कर्त्याने अशा वेळी चोपदार व्हावे. हात वर करावा आणि म्हणावे, "आता कोणी बोलू नका. आई, तुला काय होतंय? तू सांग आधी." ती म्हणेल, 'तहान लागली रे.' पोर म्हणेल, 'भीती वाटते.' बायको म्हणेल, 'माझं डोकं दुखतंय.' तिघांचे ऐकले की तुमच्या ध्यानात येईल, यांतल्या एकाचीही तक्रार तुमच्याविरुद्ध नव्हती!

इंजिन निवायला वेळ लागतो. तो वेळ कसा घालवावा? सावलीत बसून हरिपाठ म्हणावा. टाळ नसले तर हाताची टाळी आहे. हरिपाठ सावकाश म्हणेपर्यंत इंजिन निवेल, आणि त्याच्या आधी मन निवेल. एकाने मात्र डोळे उघडे ठेवून लेकरांवर लक्ष ठेवावे. सडकेकडे पाठ करून कोणी नामात रंगू नये.

तरीही मनात एक रुखरुख असतेच. 'एकादशी चुकणार. दर्शन हुकणार. एवढ्या लांबून आलो आणि वाटेतच अडकलो.' या रुखरुखीवर औषध पंढरीतच आहे. पंढरीचा देव उभा का आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. दारात साक्षात भगवंत आला. पुंडलिक काय धावत सुटला? त्याने हाताशी असलेली वीट मागे फेकली आणि देवाला सांगितले, एवढी सेवा होऊ दे, तोवर थांब. आणि देव थांबला! रागावला नाही, निघून गेला नाही. अजून तसाच थांबला आहे. म्हणजे आपले दैवतच मुळी थांबणारे दैवत आहे. आईला सडकेपासून दूर नेऊन सावलीत बसवताना, तिला पाणी पाजताना तुमची एकादशी चुकत असेल, तर ती कोणासाठी चुकते आहे हे त्याला कळत नाही काय? एवढा वेळ थांबलेला देव तुमच्यासाठी आणखी चार घटका थांबणार नाही काय? उलट, आईला उन्हात रडत ठेवून तुम्ही वेळेवर राउळात पोहोचलात, तर त्या विटेकडे मान वर करून कसे बघाल?

तिसरी गोष्ट परक्याची. आतापर्यंत बंद पडलेल्या गाडीतल्यांना बोललो. आता बोलतो ते शेजारून भरधाव जाणाऱ्यांना. त्यांतही वारकरी असतातच की, काचेला माउलींचे चित्र लावलेले!

नाथमहाराजांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेले. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत पडलेले. बरोबरचे लोक हळहळले, पण कावड कोणी उतरवीना. कारण ते पाणी देवाचे. नाथांनी कावड उतरवली आणि ती गंगा गाढवाच्या मुखात घातली. त्यांची यात्रा तेथेच पुरी झाली. लक्षात घ्या, नाथांनाही रामेश्वर गाठायचे होते. घाई त्यांनाही असेल. पण वाटेतल्या जिवाने अडवले तर तो जीवच देव झाला, हे त्यांनी ओळखले.

आपण तर कावडसुद्धा उतरवायची नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून 'माउली, काय झालं? पाणी आहे का?' एवढे विचारायचे. आपल्याकडचा पाना द्यायचा, म्हातारीला पुढच्या गावापर्यंत न्यायचे. रात्रीची वेळ असेल, बरोबर बायकामुले असतील, थांबायचे भय वाटत असेल, तेही खोटे नाही. मग निदान पुढे गेल्यावर सुरक्षित जागी थांबून दूरध्वनी तरी करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कोणत्याही संकटात ११२ आणि आपल्या महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. कोणत्या गावाच्या पुढे, किती किलोमीटरच्या दगडाजवळ गाडी उभी आहे एवढे सांगा. त्याला दोन मिनिटे लागतात.

अपघात झालेला असला तर लोक आणखी बिचकतात. 'मदत करायला गेलो आणि चौकशीत अडकलो तर?' पूर्वी ते भय खरे होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या रक्षणाचे नियम सगळ्या देशात बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम त्यासाठी घातले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. तेव्हा कायद्याची सबब आता पुरणार नाही.

माउलींचा रथ पुणे सोडून सासवडकडे जाताना दिवे घाट चढतो. नेहमीची बैलजोडी तो चढ एकटी ओढीत नाही. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि रथ वर जातो. त्या वेळी नेहमीच्या बैलांना कोणी नावे ठेवीत नाही, की रथाचा अपमान झाला असेही कोणाला वाटत नाही. घाट आला की जादा बैल लागणारच. प्रत्येक घराच्या वाटेत असा घाट केव्हातरी येतो. ज्याची गाडी अडली त्याने मदत मागायला लाजू नये, आणि ज्याची चालू आहे त्याने आपला बैल जुंपायला कचरू नये.

आणि मिस्त्रीला विसरू नका. टेंभुर्णीच्या पुढे मोडनिंबजवळ अरण हे गाव आहे, सावता महाराजांचे. सावतोबांनी मळा सोडला नाही. भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल भेटला. मग भर उन्हात गाडीखाली उताणा पडून, काळ्या हातांनी तुमची वाट मोकळी करून देणारा पोरगा कोण आहे? त्याने योग्य दाम सांगितले तर घासाघीस करू नका. अडले पाहून कोणी अवाच्या सवा मागितले तर शांतपणे नको म्हणावे, शिव्या देऊ नयेत. काम झाले की त्याला पाणी द्यावे, शिदोरीतला घास द्यावा. वारीत एकमेकांना 'माउली' म्हणता, तसे त्यालाही म्हणावे. पंढरीला पोहोचवणारा तोच आहे.

शेवटी निघण्याआधीचे दोन शब्द. वारीला निघताना गळ्यातली माळ आणि कपाळीचा टिळा बघता, तशी चाकांतली हवा, जादा चाकाची हवा, इंजिनातले पाणी व तेल, जॅक, पाना, त्रिकोण आणि विजेरी हेही बघावे. पाचांच्या गाडीत नऊ माणसे कोंबू नयेत. सोबत जास्तीचे पाणी, आईची औषधे, थोडा सुका खाऊ असावा. काटा चढताना दिसला की 'थोडेच राहिले' म्हणू नये. लगेच कडेला घ्यावे.

एवढे करूनही गाडी बंद पडेल. यंत्रच ते. त्या दिवशी आईला सावली मिळाली, लेकरे सुखरूप राहिली, कोणी कोणाला टाकून बोलले नाही, आणि निघताना सडकेवर आपला एकही धोंडा राहिला नाही, तर दर्शनाची रांग चुकली म्हणून कष्टी होऊ नका. त्या घराची वारी पांडुरंगाला पावली असे खुशाल समजा.

रामकृष्ण हरि.